न वाजणारा खुळखुळा

केशव हरकरेला ‘नाही’ म्हणता येत नसे. तसा हा दोष सौम्य आहे, याने माणूस काही मरत नाही. पण वनस्पतिशास्त्राच्या माणसाला तो फार जड जातो, कारण एका रोपट्याला एकच नाव देता येतं आणि केशवने ते तीन जणांना कबूल करून टाकलं होतं.

रोपटं सापडलं बेसा गावच्या कुरणात. एकोणीसशे सत्तर साल, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. केशव तेव्हा नागपुरातल्या एका कॉलेजात तात्पुरता लेक्चरर होता आणि त्याचं हे तात्पुरतेपण चौथ्या वर्षात आलं होतं. दर रविवारी तो सायकलच्या कॅरियरला दोन लाकडी फळ्या आणि जुन्या पेपरांचा गठ्ठा बांधून गावाबाहेर पडे. गवतात दिसेल ते फुलझाड उपटायचं, पेपरात पसरायचं, फळ्यांत आवळायचं, आणि वाळलं की जाड कागदावर डकवून खाली नाव-गाव लिहायचं, हा त्याचा उद्योग. शेजारचे लोक त्याला वैद्य समजत आणि मूळव्याधीवर काही आहे का म्हणून विचारत. केशव ‘बघतो’ म्हणे.

त्या दिवशी कुरणात तिथले मालक चंपतराव यांची मुलगी शामला विळ्याने गवत कापत होती. केशव एका खुळखुळ्यापाशी उकिडवा बसला होता. खुळखुळा सगळ्यांना माहीत असतो: पिवळं फूल, फुगीर शेंग, आणि शेंग वाळली की आतले दाणे सुटून खुळखुळ वाजतात. केशवने सवयीप्रमाणे शेंग कानाशी धरून हलवली. मग पुन्हा हलवली.

“तो वाजत नाही, सर,” शामला मान वर न करता म्हणाली. “आमच्या इकडं दोन असतेत. एक वाजणारा, एक मुका. वाजणाऱ्याले ढोरं तोंड लावत नाहीत. मुका खातेत.”

केशवने शेंग फोडली. दाणे आतल्या पडद्याला घट्ट चिकटलेले होते, पिकूनसुद्धा. त्याने आणखी एक फोडली, तीही तशीच. आजवर त्याने वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात असा खुळखुळा नव्हता, आणि ही चौथी शिकलेली मुलगी त्याला ढोरांच्या चवीवरून ओळखत होती. त्याला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली.

रामदासपेठेत त्याचे गुरू श्रीधरपंत राहत. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण भिंग अजून गळ्यात होतं. त्यांनी महिनाभर ते रोपटं उलटसुलट पाहिलं, पुस्तकं काढली, पत्रं लिहिली आणि शेवटी म्हणाले, “नवी जात आहे.” श्रीधरपंतांच्या तोंडून इतकं कौतुक याआधी कोणी ऐकलं नव्हतं. केशव जिना उतरताना दोन पायऱ्या चुकला.

पहिलं कबूल केलं ते घरीच, जेवताना. बायको प्रमोदिनी वाढता वाढता म्हणाली, “अहो, मग माझं नाव द्या ना त्याला.” केशव म्हणाला, “देतो.” तिला आधी फार छान वाटलं, पण भात वाढेपर्यंत तिने झाडाचं मराठी नाव विचारून घेतलं. “खुळखुळ्याला माझं नाव? तुमच्या आईंना किती आवडेल ते. नको, राहू द्या,” असं म्हणून तिने ते तिथल्या तिथे परत केलं. तिचा प्रश्न मिटला.

दुसरं कबूल केलं ते प्राचार्य गोपाळरावांना. त्यांना बातमी कळताच त्यांनी केशवला बोलावून खुर्ची दिली, जी तात्पुरत्यांना सहसा मिळत नसे. “हरकरे, ऐसा सुना है की नाव देणं तुमच्या हातात असतं,” ते म्हणाले. मग टेबलावरचा पेपरवेट फिरवत, “जूनअखेर तुमच्या कायम नेमणुकीचा विषय कमिटीपुढे येणार आहे. मी अध्यक्ष आहे. दोन्ही गोष्टींचा काही संबंध नाही म्हणा.”

“हो सर,” केशव म्हणाला. “गोपालरावी असं होईल, सर. वंशाचं नाव आधी, मग तुमचं: क्रोटालारिया गोपालरावी.”

गोपाळरावांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. जिभेवर ते चांगलं लोळत होतं. “आपल्याकडे काय म्हणतात या झाडाला?”

“खुळखुळा, सर.” पेपरवेट फिरायचा थांबला. “पण हा न वाजणारा आहे, सर,” केशव घाईने म्हणाला.

“म्हणजे गंभीर प्रकृतीचा,” गोपाळराव म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला.

केशवने रीतसर लेख लिहिला. नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्येच लिहावं लागतं, तसा नियम होता, म्हणून श्रीधरपंतांकडून लॅटिन तपासून घेतलं. लेख एका मोठ्या नियतकालिकाकडे गेला आणि जुलैच्या अंकात येणार असं पत्रही आलं. गोपाळरावांनी ते पत्र काचेखाली ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते काच पुसून दाखवत.

तिसरं कबूल केलं ते चंपतरावांना, आणि ते तर लेखी. संक्रांतीनंतर केशव बी गोळा करायला बेशाला गेला, तर कुरणाच्या कडेला नांगराला बैल जुंपलेले होते.

“संत्रा लावतो म्हटलं,” चंपतराव म्हणाले. “पण पोरगी म्हणते, सरांचं झाड हाये तिथी. आता तुमीच सांगा मास्तर, झाड सापडवलं तिनं, कुरण माझं, मंग त्या झाडाले नाव कोनाचं?”

खरं तर हा प्रश्न केशवच्याही मनात होता. तो त्याने दाबून ठेवला होता इतकंच. “शामलाचं,” तो म्हणाला, आणि बोलल्यावर त्याला फार बरं वाटलं.

“मंग लिहून द्या.”

“लिहून कशाला?”

“नरखेडकडची सोयरीक चालू हाये. मोठे बगायतदार, संत्रा-मोसंबीवाले. पोरगं चांगलं हाये, ताराचंद. पन त्याच्या घरच्या बाया इचारून राहिल्या, पोरगी शिकली किती? रंग असा काहून? आता मी काय सांगू त्याइले? तुमचा कागद असन तर दाखवीन.”

लिहून दिलं तर कुरण नांगरातून सुटणार होतं. केशवने पिशवीतून कागद काढला आणि लेखातलं वर्णन जसंच्या तसं उतरवून दिलं: लॅटिन, नमुन्याचा कागद कॉलेजच्या संग्रहात क्रमांक चारशे बाराला आहे हे, खाली सही. फक्त ‘गोपालरावी’च्या जागी ‘शामलाए’ लिहिलं. हा कागद लोखंडी पेटीत लुगड्यांच्या तळाशी जाईल आणि तिथेच राहील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. नांगर कुरणाला वळसा घालून गेला.

मे महिन्यात शामलाचं लग्न झालं. केशव परीक्षेच्या कामावर होता, त्याला जाता आलं नाही, आणि पत्रिका त्याच्या हाती पडलीच नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात श्रीधरपंतांनी निरोप पाठवून त्याला बोलावून घेतलं. चंपतराव त्यांच्याकडे दुधाचा रतीब घालत. उन्हाळ्यात पंत मुलीकडे गेले होते. परतल्यावर दाराच्या फटीत त्यांना लग्नपत्रिका सापडली होती, कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेली.

“वाच,” पंत म्हणाले.

वर गजाननाचं चित्र होतं. त्याखाली, जिथे लोक एखादा श्लोक घालतात तिथे, ठळक इंग्रजी अक्षरांत छापलं होतं: क्रोटालारिया शामलाए, के. हरकरे, नवी जात. मग सगळंच्या सगळं लॅटिन वर्णन, मग नमुना क्रमांक चारशे बारा, आणि त्याखाली ‘आमचे येथे श्रीकृपेकरून चि. सौ. कां. शामला हिचा शरीरसंबंध’ वगैरे.

“छापखान्यात इंग्रजी अक्षरांचे खिळे कमी होते वाटतं, कुठे लहान कुठे मोठे बसवलेत,” पंत म्हणाले. “पण चूक एक नाही. तुझा चंपतराव कागद घेऊन खिळे जुळवणाऱ्याच्या उशाशी बसला असणार.”

“सर, ही लग्नपत्रिका आहे,” केशव क्षीण आवाजात म्हणाला.

“ते मला दिसतंय. नियम काय म्हणतो? नाव हवं, लॅटिन वर्णन हवं, नमुना कुठे ठेवलाय ते हवं, आणि हे सगळं छापून लोकांत वाटलेलं हवं. जे आधी छापून वाटलं ते नाव खरं. कागद कसला असावा, त्यावर गणपती असावा की नसावा, याबद्दल नियमात अक्षर नाही. ही मेमध्ये वाटली. तुझा लेख येणार जुलैत.” पंतांना इतकं खुशीत केशवने कधी पाहिलं नव्हतं. “चाळीस वर्षं नियम पाळले, पण त्यात बसणारी लग्नपत्रिका पाहीन असं वाटलं नव्हतं.”

“मग गोपालरावी?”

“ते उशिरा आलेलं नाव. पुस्तकात येईल, पण खाली, बारीक अक्षरांत, रद्द म्हणून. कायमचं.”

केशवच्या डोळ्यांपुढे गोपाळराव बारीक अक्षरांत रद्द होऊन उभे राहिले. कमिटी पंधरा दिवसांवर आली होती. प्रमोदिनीला दिवस गेलेले होते, घरमालक भाडं वाढवायचं म्हणत होता, आणि सासरे प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘कायम झालात का’ असं विचारत. त्या घबराटीत त्याला जे सुचलं ते शहाण्या माणसाला सुचलं नसतं. पत्रिकाच उरल्या नाहीत तर वाटल्याचा पुरावा कुठला? छापल्या होत्या सातशे.

पहिल्या दिवशी त्याने कॉलेजच्या स्टाफरूममध्ये त्याच्याच नावाने येऊन पडलेली एक उचलून खिशात घातली. मग बेशात घरोघर फिरला. ‘अभ्यासाला हवी’ असं सांगे. लोक भले होते, नाही कोणीच म्हटलं नाही, पण पत्रिका जशीच्या तशी फार थोड्यांकडे होती. एकीने तिचा उन्हात पंखा केला होता. एकाने दाराच्या चौकटीला ठोकली होती, ती खिळ्यासकट निघाली. गावच्या पाटलांच्या घरी तिच्यावर लोणच्याची बरणी ठेवलेली होती, आणि पाटलांचं नाव गोपाळराव असल्याचं कळल्यावर केशवला उगाचच घाम फुटला. तीन दिवसांत त्रेचाळीस मिळाल्या. उरलेल्यांतला मोठा गठ्ठा चंपतरावांनी हौसेने व्याह्यांकडे पाठवला होता.

केशव एसटीने नरखेडला आणि तिथून एका मोसंबीच्या ट्रकमधून शामलाच्या सासरी पोचला. अंगणात मोटरपंप उघडून बसलेल्या ताराचंदने हात पुसले, नमस्कार केला आणि त्याला आत नेलं. बैठकीच्या भिंतीवर, देवांच्या तसबिरींच्या रांगेत, काचेच्या चौकटीत ती पत्रिका होती. तिला ताजा हार घातलेला होता.

“हेच ते मास्तर,” ताराचंदची आई कांताबाई आतल्या बायकांना म्हणाली. “यायनंच लिवलं. बसा जी. बरं झालं आले. आमी साऱ्या गावाले दाखवलं, पन वाचता कोनाले येत नाही. वाचून दाखवा, आन् त्यात आमच्या सुनेबद्दल काय काय लिवलं हाये ते मराठीत सांगा.”

केशवने तोंड उघडायच्या आत शेजारच्या चार बायका आल्या. कोणीतरी उदबत्ती लावली. शामला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“हर्बा आन्नुआ,” केशवने सुरुवात केली. याचा अर्थ एका वर्षात मरणारं झाड. नव्या सुनेसंबंधी हे भरल्या घरात कसं सांगणार? “म्हणजे, दरवर्षी बहरते,” तो म्हणाला. बायकांनी एकमेकींकडे पाहून माना डोलावल्या.

“एरेक्टा. ताठ.” कांताबाईंच्या भुवया वर गेल्या. “म्हणजे सरळ हो. मनात वाकडं नाही,” केशवने सावरलं.

“पिलोसा.” याचा अर्थ केसाळ. सगळ्या खोलीत तो एकट्या केशवलाच ठाऊक होता. “केस. केस चांगले. लांबसडक.”

“ते त हायेच,” एक बाई म्हणाली, आणि सगळ्यांनी वळून शामलाची वेणी पाहिली. लॅटिनचा खरेपणा तिथे सिद्ध झाला.

“फ्लोरेस ल्युतेई, पिवळी फुलं. हे हळदीचं आहे.” आता केशवला थोडा सूर सापडला होता. “आणि शेवटचं, लेग्युमेन मातुरुम नॉन क्रेपिटान्स. शेंग पिकली तरी... म्हणजे वय कितीही झालं तरी... आवाज करत नाही.”

कांताबाई उठून उभ्या राहिल्या. “ऐकलं काय वं?” त्या सगळ्यांना म्हणाल्या. “आवाज चढवत नाही. छापून आलं हाये. आन् माह्या जावेची सून बी.ए. हाये, तिच्याबद्दल कुठी काय छापलं, सांगा.” दारात शामलाने पदर तोंडात कोंबला होता. ते झाड काय आहे हे तिला पक्कं माहीत होतं.

मोसंबीचा रस घेऊन ती अंगणात आली तेव्हा ताराचंद पंपाशी परतला होता. केशवच्या पिशवीतून बेशाच्या त्रेचाळीस पत्रिका डोकावत होत्या. त्या त्याने कशाला बरोबर आणल्या होत्या, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“बाबाचा निरोप आला होता, सर,” शामला हळू म्हणाली. “तुमी घरोघरी पत्रिका मांगून राहिले म्हणून.” तिने पेला त्याच्या हातात दिला. “इथी मी आली, तवा पैल्या आठ दिवसांत साऱ्या मले काळी म्हणत. आता झाडवाली म्हणतेत. सासूबाई बाजारात नेतेत, लोकाइले सांगतेत. तुमाले काई अडचण असन तर सांगा. मीच सांगीन सासूबाईले, का ते चुकीचं छापलं म्हणून. त्याइले दुसऱ्यानं सांगितलं तर लय मनाले लागन. दुसऱ्याचं नाव लागलं का, सर, त्याले?”

“नाही,” केशव म्हणाला.

तो शब्द तोंडातून निघून गेल्यावरच त्याच्या लक्षात आलं. मग तो रस एका दमात प्याला, पिशवी उचलली, आणि त्रेचाळीस पत्रिका कांताबाईंना देऊन टाकल्या, कारण लग्नाला न आलेले नातेवाईक अजून बरेच बाकी आहेत असं त्या म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याने संपादकाला नाव बदलण्याची तार केली आणि मागोमाग सविस्तर पत्र पाठवलं. मग प्राचार्यांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. उभ्यानेच, कारण या वेळी खुर्ची मिळाली नाही.

गोपाळरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. “हरकरे, लग्नपत्रिका कोण वाचतं हो? मी नाही वाचत. तारीख बघतो आणि जेवायला जातो. तुम्ही गोपालरावी छापून येऊ द्या.”

“नाही, सर.”

“बरं. मग दुसरं एखादं शोधा. नागपूरभोवती गवत काय कमी आहे? कमिटीच्या आधी.”

“नाही, सर. आधीच कबूल नाही करणार,” केशव म्हणाला. “नवं सापडलं, तर ज्याला आधी दिसलं त्याचं नाव.”

गोपाळरावांनी काचेखालचं पत्र काढलं, त्याची घडी घातली आणि केशवच्या पुढे ठेवलं. बाहेर चपराशी देवाजी उभा होता. त्याने विचारलं, “सर, चहा सांगू का जी?” केशवला इतका जोर चढलेला होता की तो त्यालाही नाही म्हणाला, आणि मग कोपऱ्यावरून परत येऊन म्हणाला, “सांग गा. कडक सांग.”

जूनअखेर कमिटी बसली. केशवला ऑर्डर मिळाली, आणखी एक वर्ष तात्पुरती. जुलैत अंक आला. संपादक चोख माणूस होता. नाव आधी कुठे प्रसिद्ध झालं ते दिल्याशिवाय त्याने लेख छापला नसता, म्हणून केशवने पत्रात लिहिलं होतं तसंच पानावर आलं होतं: शामला-ताराचंद लग्नपत्रिका, मे १९७१, पान पहिलं.

प्रमोदिनीने दोन्ही कागद मांडीवर घेतले. ऑर्डर तिने एकदा वाचली. ती रडेल असं केशवला वाटलं, म्हणून तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग तिने अंक उघडला आणि अक्षरावर बोट ठेवत वाचलं, “क्रोटालारिया शामलाए, हरकरे. हे मागे हरकरे कोण?”

“मीच. ज्यानं नाव ठेवलं त्याचं आडनाव लागतं मागे. जिथे जिथे त्या झाडाचा उल्लेख येईल, तिथे तिथे.”

“किती वर्षं?”

“आता ते कोणाला काढता येत नाही.”

“म्हणजे कुठंतरी कायम झालात,” प्रमोदिनी म्हणाली. तिने ऑर्डरची घडी घालून ती रद्दीच्या गठ्ठ्यात, रोपटी दाबायच्या पेपरांत ठेवली, आणि वडिलांना उत्तर लिहायला कागद मागितला.